सत्काराचा फोटो टाकण्याआधी



या पानावर मी एरवी छाटणी, डावणी, कांदा चाळ आणि अनुदानाचे अर्ज यांवर लिहितो. आज विषय वेगळा आहे. माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीवरून तो निघाला, म्हणून आधी ती चूक सांगतो. गावाचे नाव लिहिणार नाही, तालुक्याचेही नाही. संबंधित शेतकऱ्याचे पीकसुद्धा लिहीत नाही, कारण आपल्या जिल्ह्यात पीक आणि एकर सांगितले की माणूस कोणता हे चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत निघते.

त्या गावात २ ऑक्टोबरची ग्रामसभा होती. गांधी जयंतीचा दिवस, त्यात सरपंचांनी एका शेतकऱ्याचा सत्कार ठेवलेला. मालाचे पेमेंट हाती आले की चार-चार दिवस घरी न फिरकणारा हा माणूस. त्याने दारूला हात न लावता एक वर्ष पूर्ण केले होते. दर आठवड्याला एसटीने नाशिकला जायचा आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ज्याला सगळे 'एए' म्हणतात, त्यांच्या मीटिंगला बसायचा. शाल दिली, श्रीफळ दिले, टाळ्या झाल्या. मागे बायकांत बसलेल्या त्याच्या मंडळींनी पदर डोळ्यांना लावला. मी पुढे होऊन फोटो काढला.

फोटो काढणे हा आता आमच्या नोकरीचाच भाग झाला आहे. शेततळे असो, ठिबक असो, जिओ-टॅग फोटो जोडल्याशिवाय काम झाले असे वर कुणी मानत नाही. हाताला ती सवय लागली. फोटो शेतकरी गटाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि खाली सविस्तर लिहिले. त्याचे नाव, किती महिने झाले ते, मीटिंग कोणत्या वारी असते, नाशिकमध्ये कुठे भरते, सगळे लिहिले. म्हटले, आणखी चार जणांना उपयोग होईल.

रात्री नऊपर्यंत अंगठे, फुले आणि जोडलेले हात येत राहिले. मग एकाने लिहिले, 'त्या दारातून तर शेजारच्या गावचे अमुकसुद्धा बाहेर पडताना दिसले होते.' अमुकच्या जागी पूर्ण नाव होते, आडनावासकट. त्याखाली दोघा-तिघांनी दात काढलेली तोंडे टाकली. ते अमुक त्याच ग्रुपवर होते. दहाच्या सुमारास ते ग्रुपमधून बाहेर पडले. मी ग्रुपचा अॅडमिन, म्हणून ती ओळ मला दिसली. बाकी कुणाला दिसलीही नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्कारमूर्ती माझ्या ऑफिसच्या दारात उभे. चहा घ्या म्हटले तर बसायला तयार नाहीत.

"साहेब, ते काढून टाका."

"भाऊ, अहो, चांगलंच लिहिलंय की तुमच्याबद्दल."

"माझं राहू द्या. सरपंचांनी बोलावलं, मी गेलो, माझीच चूक. पण खाली ज्यांचं नाव आलंय त्यांचं काय?"

मी सहज विचारले, "का हो, ते येतात का तिथे?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मला आपले वय आठवले. म्हणाले, "ते येतात की नाही, हे मी माझ्या बायकोलाबी सांगत नाही साहेब. अन् तुम्ही मला व्यसनमुक्त लिहून टाकलंत. मी आज प्यालो नाही, एवढंच मला म्हणता येतं. उद्याचं तिथं कुणी बोलत नाही."

मी पोस्ट काढली, ती खालची ओळही काढली. पण तोवर ती आणखी तीन ग्रुपांवर गेली होती. त्यातले दोन माझ्या ताब्यातले नव्हते.

ज्यांना या मीटिंगची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अॅक्रन नावाचे गाव आहे. तिथे १९३५ साली दोन दारुडे एकमेकांना भेटले. एक शेअर बाजारातला, बिल. दुसरा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, बॉब. दोघांनाही डॉक्टर, औषध, शपथा, सगळे करून झाले होते. एक दारुडा दुसऱ्या दारुड्याशी मोकळेपणी बोलत राहिला तर त्या दिवसापुरती तरी दोघांची दारू टळते, एवढे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यातून ही संघटना उभी राहिली. आपल्या देशात ती १९५७ च्या सुमारास आली. आज नाशिकमध्येही मराठीतून मीटिंगा होतात. शाळेची खोली, चर्चचा हॉल, अशी कुठली तरी साधी जागा असते. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. सरकारी अनुदान ते घेत नाहीत, बाहेरच्याची देणगीही घेत नाहीत. आलेले लोक जमेल तसे पाच-दहा रुपये टाकतात आणि त्यात चहा आणि भाडे भागवतात. हजेरीपट नसतो. आमच्यासारख्या हजेरीपटावर जगणाऱ्या माणसाला हे ऐकून जरा चमत्कारिकच वाटते. माणूस उठतो, पहिले नाव सांगतो, मी दारुडा आहे म्हणतो आणि आपली हकिकत सांगतो. आडनाव कुणी विचारत नाही. बाहेर पडताना ऐकलेले तिथेच ठेवून जायचे. दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन म्हणून वेगळ्या मीटिंगा असतात. गर्द, गोळ्या वगैरे घेणाऱ्यांसाठी नार्कोटिक्स अनॉनिमस आहे. रीत सगळीकडे हीच.

संस्थेच्या नावातच 'अनॉनिमस' आहे. म्हणजे निनावी. ही अट कुणा साहेबाने वरून घातलेली नाही, ती ठेच लागून आली. सुरुवातीला भीती एवढीच होती की नाव फुटले तर नोकरी जाईल. पुढे उलटाच त्रास सुरू झाला. १९४० साली क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघातला एक नामवंत खेळाडू, रॉली हेम्सली (आपल्या क्रिकेटात विकेटकीपर असतो तशी त्याची जागा), याने वर्तमानपत्रवाल्यांना सांगून टाकले की माझी दारू एएमुळे सुटली. देशभर फोटो छापून आले. त्या बातमीने खूप लोक एएकडे आले, हेही खरे. पण मग दुसऱ्यांनाही वाटू लागले की आपलेही नाव यावे. खुद्द बिललाही त्या काळात प्रसिद्धीची चटक लागली होती, हे त्याने पुढे मोकळेपणी लिहून ठेवले आहे. आणि नाव-फोटो छापून आलेल्यांपैकी कुणी पुन्हा प्यायला लागला की लोक त्याला एकट्याला हसत नसत, ती मीटिंगच फसवी म्हणत. तेव्हा १९४६ साली त्यांनी आपले नियम लिहून काढले, ज्यांना ते बारा परंपरा म्हणतात, आणि १९५० साली त्या सर्वानुमते स्वीकारल्या. अकरावी परंपरा सांगते की वृत्तपत्रे, रेडिओ आणि चित्रपट यांत सभासदाने स्वतःचे नाव येऊ देऊ नये.

१९५४ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने बिलला मानद डॉक्टरेट देऊ केली. त्याने नको म्हणून कळवले. आपल्याकडे ग्रामपंचायतीची शाल नाकारणारा माणूस शोधून सापडणार नाही, आणि हा येलची पदवी नाकारतो! पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते जरा नाटकीच वाटले होते. त्या सकाळी ऑफिसच्या दारात भाऊ उभे राहिले तेव्हा कळले की त्यात नाटक नव्हते.

वृत्तपत्रे, रेडिओ, चित्रपट. परंपरेत एवढेच लिहिले होते, आणि ही तिन्ही दारे गावच्या माणसापासून लांब होती. आता प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे, त्याला संपादकही नाही. परंपरा लिहिणाऱ्यांनी मोबाईल पाहिला नव्हता, पण त्यांची भीती आपल्या गावात जशीच्या तशी खरी झाली आहे.

यावर सरपंच, भाऊसाहेब मंडळींचा पहिला सवाल मला ठाऊक आहे, कारण त्यांनी तो मला विचारला. 'अहो, लपवायचं काय त्यात? तो पीत होता हे अख्ख्या गावाला माहीत. गटारीत पडलेला आम्ही उचलून घरी नेलाय. आता सुटला हेही माहीत.' सवाल बिनतोड वाटतो. मलाही वाटला होता.

पण नीट पाहा. गावाला काय माहीत आहे? तो पीत होता, हे. मीटिंगमध्ये बसून त्याने काय सांगितले हे गावाला माहीत नाही. पोरीच्या फीचे पैसे कसे उडवले, भावाशी सातबाऱ्यावरून मारामारी झाली त्या रात्री नेमके काय घडले, फवारणीच्या औषधाची बाटली हातात घेऊन किती वेळ बांधावर बसला होता, हे माहीत नाही. शेजारच्या खुर्चीवर कोण बसले होते हेही गावाला माहीत नाही. नाव झाकायचे ते या गोष्टींसाठी. त्याच्या एकट्याच्या नावाला मीटिंगच्या जागेची आणि वाराची जोड दिली की त्या दारातून आत-बाहेर करणारा प्रत्येक माणूस उघडा पडतो. मी नेमके तेच केले.

दुसरे असे की गावाची आठवण आणि मोबाईलची आठवण यांत फरक आहे. गाव बोलते, चार दिवस चघळते आणि मग कांद्याचा भाव पडला की विसरते. दहा वर्षांपूर्वी कोण कुठे पडला होता हे आज कुणी काढत नाही, काढले तरी म्हातारी माणसे दटावतात. गावाला ती समज आहे. फोटो मात्र विरत नाही. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना, सोसायटीच्या निवडणुकीत, भाऊबंदकीच्या वादात, नको त्या वेळी नको त्याच्या मोबाईलमधून तो वर येतो. आणि त्या फोटोखाली 'दारू' हा शब्द लिहिलेला असतो. 'सोडली' हा शब्द वाचायला कुणी थांबत नाही.

तिसरे, भाऊ म्हणाले ते. दारूचे व्यसन हा जुनाट आजार आहे, तो पुन्हा उलटू शकतो. वर्षभर कोरडा राहिलेला माणूस हळदीत एक ग्लास घेतो आणि महिनाभर सापडत नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्याचा सत्कार झाला नाही तो पडला तर गुपचूप पुन्हा मीटिंगला जाऊन बसतो. तिथे त्याला कुणी टाकून बोलत नाही, खुर्ची सरकवून देतात. ज्याचा शालीतला फोटो तालुकाभर फिरला, तो कुठल्या तोंडाने जाणार? आपण त्याच्या परतीच्या वाटेवर काटे टाकून ठेवतो, तेही टाळ्या वाजवत. नुकते लावलेले रोप मूळ धरते आहे का म्हणून रोज उपटून बघणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

आता मोबाईलचा प्रकार जरा उकलून सांगतो, कारण पुष्कळांना त्याची कल्पना नसते. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये असलेल्या प्रत्येकाला बाकीच्यांचे नंबर दिसतात. व्यसन सोडणाऱ्यांपैकी काही जण एकमेकांना आधार म्हणून ग्रुप करतात. हेतू चांगला, पण त्यात एक नवा माणूस आला की त्याच्या हातात सगळ्यांचे नंबर, डीपीवरचे चेहरे आणि पुष्कळदा पूर्ण नावे येतात. ग्रुपचे नाव 'दारूमुक्त मित्र' असे ठेवले असेल तर मेसेज येताच ते नाव स्क्रीनवर झळकते, आणि मोबाईल त्या वेळी मुलाच्या हातात असतो. ग्रुपवर आलेला फोटो सेटिंग बदलली नसेल तर आपोआप गॅलरीत जाऊन बसतो. एक मेसेज काढला तरी त्याचा स्क्रीनशॉट काढता येत नाही असे नाही. २०२० च्या लॉकडाऊनपासून अशा मीटिंगा मोबाईलवरूनही होऊ लागल्या. लांबच्या गावातल्या माणसाला त्याचा मोठा फायदा झाला, एसटीचे भाडे आणि दिवस वाचला. पण तिथे पडद्यावर नाव येते ते मोबाईलमध्ये भरलेले पूर्ण नाव, आणि मागे पडवीत कोण बसून ऐकते आहे ते कुणाला दिसत नाही. पहिले नाव ठेवावे, कानाला हेडफोन लावावा, कॅमेरा नको असेल तर बंद ठेवावा. हे शिकायला पाच मिनिटे पुरतात. तुम्ही पीक पाहणी मोबाईलवर करायला शिकलात, हे त्याहून सोपे आहे.

फेसबुकचे तर विचारू नका. तिथे 'आज मला सोबर राहून दोन वर्षं झाली' असे कुणी लिहिले की खाली मीटिंगमधलाच दुसरा भाबडेपणाने लिहितो, 'मलाही तुझ्यामुळेच बळ मिळालं.' झाले. एकाने स्वतःचे सांगितले, दुसऱ्याने नकळत दोघांचे सांगितले.

इथे कुणी म्हणेल, मग सगळ्यांनी तोंड शिवून बसायचे का? उघड बोलल्यानेच तर लोकांची भीती जाते. हा सवाल पहिल्यापेक्षा वजनदार आहे आणि त्याला आपल्याच महाराष्ट्रात उदाहरण आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झाले. गर्दने तरुण पोरे मरत होती तेव्हा डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते उभे केले, पु. ल. देशपांडे यांनी त्याला आर्थिक बळ दिले. तिथून बरे होऊन गेलेल्या कित्येकांनी पुढे नावानिशी, चेहऱ्यानिशी आपली हकिकत सांगितली, काहींनी पुस्तकेही लिहिली. काही जण तिथेच राहून नव्याने आलेल्यांना सांभाळू लागले. त्यांच्या बोलण्याने किती घरे सावरली असतील! त्यांना कोण चूक म्हणेल?

मी म्हणत नाही. पण त्यांनी स्वतःचे सांगितले, स्वतःच्या तोंडाने, स्वतःला वाटले तेव्हा. बहुतेकांनी पाय घट्ट रोवल्यावर सांगितले. त्यांच्या बाजूच्या कॉटवर कोण होते ते त्यांनी सांगितले नाही. एएच्या माणसालाही शेजाऱ्याला, भावाला, डॉक्टरला आपल्या आजाराबद्दल बोलायला कुणी बंदी घातलेली नाही. गावात कुणी पिण्याने हैराण असेल तर त्याच्या ओट्यावर जाऊन 'चल माझ्याबरोबर' म्हणणे, हेच तर त्यांचे काम. रोखले आहे ते छापून येणे, झळकणे. आणि दुसऱ्याचे सांगणे तर कधीच नाही. सरपंचांनी माईकवरून सांगितले, मी ग्रुपवर लिहिले, आणि ज्याची हकिकत त्याला आम्ही दोघांनीही विचारले नव्हते. 'विचारलं असतं तर मी काय नाही म्हणालो असतो का साहेब, सगळ्यांसमोर?' असे भाऊ नंतर म्हणाले. हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सभेत विचारलेल्या परवानगीला परवानगी म्हणत नाहीत. म्हणूनच गावातले दारूचे दुकान बंद करायचे, बाटली उभी की आडवी, याचे मतदानसुद्धा गुप्त घेतात.

बायकांचे याहून कठीण. पिणाऱ्या किंवा गोळ्या खाणाऱ्या बाईला आपल्याकडे माहेरही नाही आणि सासरही नाही. ती एखाद्या मीटिंगपर्यंत पोचलीच तर नाव फुटण्याच्या भीतीने पहिल्या दिवशीच माघारी फिरते. तरुण पोरांचेही तसेच. मालेगावकडच्या 'कुत्ता गोळी'च्या बातम्या आपण वाचतो, २०२३ साली नाशिकजवळ शिंदे गावात एमडीचा कारखानाच पकडला गेला. त्या जाळ्यात सापडलेला पोरगा मदत मागायला निघाला तर आई-बापाइतकीच त्याला पोलिसांची भीती असते. त्याचा फोटो ग्रुपवर गेला तर लोक त्याला रुग्ण म्हणून बघणार नाहीत, गिऱ्हाईक की विकणारा याची चर्चा करतील.

आणि किती जण अशा दारापर्यंत पोचतात? केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ साली आला. दारूच्या प्रश्नासाठी मदतीची गरज असलेले लोक देशात ५ कोटी ७० लाखांवर आहेत, असे त्यात म्हटले आहे. आणि ज्यांना दारूचे पक्के व्यसन जडले आहे, अशा ३८ जणांत जेमतेम एकाने काही ना काही उपचार वा मदत मिळाल्याचे सांगितले. हा आकडा मी कागदावर लिहून आमच्या ग्रुपच्या यादीशेजारी ठेवून पाहिला. दारात उभा राहून आत जाऊ की नको असा विचार करणारा माणूस बाकीच्या ३७ जणांतला असतो. आत कोण बसले आहे याने त्याला फरक पडत नाही. आतले बाहेर येते का, एवढेच तो बघतो.

कायद्याचेही दोन शब्द, विशेषतः भाऊसाहेब, पोलीस पाटील आणि वार्ताहर मंडळींसाठी. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून होणारे मानसिक विकार त्यात मानसिक आजारात धरले आहेत. कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते. कलम २४ सांगते की उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा कोणतीही माहिती त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येणार नाही, आणि हा हक्क संगणकात, मोबाईलमध्ये साठवलेल्या माहितीलाही लागू आहे. तेव्हा व्यसनमुक्ती केंद्राला भेट दिली म्हणून तिथल्या कॉटवरच्या माणसांसोबत फोटो काढून छापायला पाठवणे हे नुसते वाईट दिसत नाही, ते कायद्यातही बसत नाही. आमच्या या पानाकडेही असे फोटो येतात. एएची मीटिंग हे काही उपचार केंद्र नव्हे. तिथे पहारा असतो तो फक्त आलेल्यांच्या शब्दाचा. म्हणून तो मोडणे सोपे आहे.

सातबारा आता कुणालाही ऑनलाईन बघता येतो, कर्जाचा बोजा त्यावर दिसतो, अनुदानाच्या याद्या नोटीस बोर्डावर लागतात. ते योग्यच आहे, सार्वजनिक पैशाचा हिशेब उघड हवा. त्यामुळे आपल्याला सवय लागली आहे की गावात सगळेच उघड. माणसाचा आजार मात्र सातबारा नव्हे. त्यावर गावाची नोंद लागत नाही.

तेव्हा ज्या गावांनी व्यसनमुक्तीचा ठराव केला आहे किंवा करायचा आहे, त्यांनी जरूर करावा. ग्रामसभेत माणूस उभा करण्याऐवजी फळ्यावर मदतीचा नंबर लिहावा. केंद्राची व्यसनमुक्ती हेल्पलाईन १४४४६, फोन फुकट आहे. 'पिणाऱ्यांची यादी' लावायची सूचना कुणी मांडली तर ती तिथेच बसवावी, कारण यादी लागली की पिणे थांबत नाही, मदत मागणे थांबते. आशाताईंना घराघरातले ठाऊक असते. त्यांच्याकडून नावे मागू नयेत. सोडलेल्या माणसाचे कौतुक करायचेच असेल तर त्याच्या घरी जाऊन चहा प्यावा. त्याला पुन्हा सोसायटीच्या मीटिंगला बोलवावे, पाण्याच्या पाळीच्या हिशेबात त्याचा शब्द धरावा, लग्नात हळदीच्या रात्री त्याच्या हातात कुणी ग्लास देणार नाही हे बघावे. माणसाला शालीपेक्षा हे जास्त लागते, असे भाऊंच्याच बोलण्यावरून मला समजले.

माझ्या ग्रुपवर आता एक नियम केला आहे. कुणाच्याही आजाराचे, व्यसनाचे, दवाखान्याचे काही टाकायचे नाही, चांगले असले तरी. दोघांनी टाकले, काढले. एक जण रागावला, 'कृषीच्या ग्रुपवर एवढी शिस्त कशाला' म्हणाला. त्याला फोन करून सांगितले. पटले की नाही माहीत नाही.

भाऊ अजून दर आठवड्याला एसटी धरतात. परवा बांधावर भेट झाली. कीड, औषध, पाऊस, सगळे बोलून झाले. जाता जाता मी धीर करून विचारले की त्या दुसऱ्या गृहस्थांचे काय झाले, ते परत...

त्यांनी मला पुढे बोलू दिले नाही. "साहेब, औषध किती लिटर पाण्याला टाकायचं म्हणालात?"

ते गृहस्थ आमच्या ग्रुपवर परत आलेले नाहीत. त्यानंतर पावसाच्या आठवड्यात डावणीचा इशारा टाकला तेव्हा यादी वरून खाली पाहिली. तो इशारा त्यांना पोचवावा म्हणून दोनदा फोन हातात घेतला. कोणत्या तोंडाने लावू ते सुचले नाही. मग त्यांच्या गावच्या कृषी सेवा केंद्राच्या फळ्यावर, सर्वांसाठी म्हणून, खडूने लिहून आलो.